वहीच्या पानावर मधोमध रेघ

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याकडचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचा प्रमुख, गेल्या वर्षी पौषात, भर दुपारी माझ्या पडवीत येऊन बसला. हंगाम चालू असताना तांडेल दुपारचा घरी सापडत नाही, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे चहा ठेवतानाच मला कळलं. त्याआधीच्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका रात्री, परतायची वेळ झालेली असताना तो म्हणाला होता, "आणखी एकदा जाळं टाकू." वारा वाढला होता, पण तसा तो पुष्कळदा वाढतो. जाळं ओढताना लाट आडवी आली आणि नेपाळहून आलेला एक खलाशी, बावीस वर्षांचा पोरगा, पाण्यात गेला. सापडला नाही. तेव्हापासून हा माणूस नौकेवर पाय ठेवला की घामाने भिजायचा, रात्री तीनला दचकून उठायचा. काही महिने कसेबसे काढले, मग जाणंच थांबवलं. नौका दुसऱ्याच्या हाती दिली.

"बाई, तुम्ही मनाचं शिकवायचात ना? मग सांगा, ही भीती जाईल कधी? आणि त्याला मी मारलं का?"

दोन प्रश्न, एका दमात. त्याला ते एकच वाटत होते, आणि मला जे सांगायचं आहे ते सगळं या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत आहे. भीती कधी जाईल, हे मानसशास्त्राला विचारायचं. मी मारलं का, हे तत्त्वज्ञानाला. मानसशास्त्र त्याला अपराधी का वाटतं हे सांगेल, पण तो अपराधी आहे की नाही हे सांगणार नाही. तत्त्वज्ञान अपराध म्हणजे काय ते उलगडून दाखवेल, पण छातीतली धडधड कधी थांबेल याचं उत्तर त्याच्याकडे नाही. एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या दारात नेला की माणसाला खोटा दिलासा मिळतो नाहीतर फुकटचा भार. दोन्ही मी पाहिले आहेत. एक तर माझ्याच हातून घडला आहे.

मी रत्नागिरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवलं. सकाळी अकरावीला तर्कशास्त्र, मधल्या सुट्टीनंतर बारावीला मानसशास्त्र, फळा तोच. पावस, जयगड, नाट्याकडून एसटीने येणारी मुलं दरवर्षी विचारायची, "बाई, दोन्ही एकच ना?" त्यांना उत्तर देता देता एक रीत तयार झाली. तीच इथे लिहिते. मनात काही अडकून बसलं असेल तर ती कुणालाही वापरता येते, पदवी लागत नाही. एक लांब वही, पेन आणि कुणी हाक मारणार नाही असा तासभर एवढं पुरे.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे "काय होतं, कसं होतं." उजवीकडे "म्हणजे काय, आणि काय करावं." डावी बाजू मानसशास्त्राची, उजवी तत्त्वज्ञानाची. ही रेघ म्हणजे सिमेंटची भिंत नव्हे, आपल्याकडचा गडगा आहे. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, आणि ये-जा करायला कुठेतरी बेडं ठेवलेलं. बेडं कुठे आहे ते पुढे सांगते.

वाटणी फार जुनी नाही

ही दोन घरं काल-परवापर्यंत एकच होती, हे माहीत असलं की रेघ मारताना हात जड होत नाही. विल्हेल्म वुंट याने १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा तो तिथे तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक होता. अमेरिकेत विल्यम जेम्सने शरीरशास्त्र शिकवण्यापासून सुरुवात केली, मानसशास्त्राचा पाया घातला आणि शेवटी तत्त्वज्ञानाकडे वळला. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा वेगळा विभाग १९१६ मध्ये झाला. त्याआधी तो विषय तत्त्वज्ञानाच्या पोटातच होता. आणि पतंजलीला विचारलं असतं की तुझं योगदर्शन यातलं कुठलं, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

वाटणी झाली ती मोजमापामुळे. काही प्रश्न प्रयोगाने सुटू लागले, ते डावीकडे गेले. जे प्रयोगाने सुटत नाहीत ते मागे राहिले. मागे राहिले म्हणून ते कमी महत्त्वाचे, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आधी गाऱ्हाणं नीट घाला

गावच्या देवळात कौल लावताना गुरव काय करतो ते आठवा. देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या की उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी तो गाऱ्हाणं घालतो, आणि आलेल्याने नुसतं "माझं काय होईल?" म्हटलं तर तो थांबतो. काय विचारायचं आहे ते एका वाक्यात सांग, म्हणतो. कौलावर विश्वास असो वा नसो, प्रश्नाला एवढा मान देणारी दुसरी जागा मी आयुष्यात फारशी पाहिली नाही.

तेच वहीत करायचं. वरच्या समासात प्रश्न जसा मनात आला तसा लिहा, मग त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळं करा. "आणि", "म्हणजे", "तर मग" या शब्दांपाशी थांबून पाहा. दोन प्रश्नांचे पीळ बहुधा तिथेच बसलेले असतात. तांडेलाच्या "आणि"मध्ये सव्वा वर्षाची झोप अडकली होती. मग प्रत्येक तुकड्याला विचारा, याचं उत्तर शोधायला मला जगात काही बघावं, मोजावं, कुणाला विचारावं लागेल का? हो, तर डावीकडे. सगळं बघून, मोजून झाल्यावरही प्रश्न तसाच उभा राहणार असेल, तर उजवीकडे.

पहिल्या बैठकीत अर्धे तुकडे चुकीच्या बाजूला पडतात. पडू द्या. खोडून पलीकडे लिहिताना आपल्याला काय विचारायचं होतं ते कळत जातं.

डावी बाजू

इथे फक्त दिसलेलं आणि झालेलं लिहायचं. "मी भित्रा झालोय" हे डावीकडे चालत नाही, तो निवाडा झाला. "जेटीवर उभा असताना काही होत नाही, नौकेवर चढलो की हात थरथरतात, इंजिन सुरू झालं की श्वास अपुरा पडतो" हे चालतं. तांडेलाने प्रत्येक ठिकाणी दहापैकी भीती किती, तेही लिहिलं. जेटीवर दोन, नांगरलेल्या नौकेवर सहा, इंजिन सुरू झाल्यावर नऊ. आकडे लिहिताना, भीती सगळीकडे सारखी नाही हे त्याला सव्वा वर्षात पहिल्यांदा दिसलं.

यापुढचं मानसशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. भीतीच्या जागेपासून लांब पळालं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाबद्दल लिहिलं. तो खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला आणि शेवटी मूल सशाला कुरवाळू लागलं. आजच्या उपचारांची एक मोठी फांदी तिथून फुटलेली आहे. तांडेलाला मी वही घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. उपचार त्यांनी केले, मी नाही. जेटी, मग नांगरलेली नौका, मग खाडीच्या तोंडापर्यंत, असं महिनोन् महिने चाललं.

डावीकडे कुठल्या प्रयोगाचा हवाला देणार असाल तर तो किती जणांवर झाला, ती माणसं कोण होती आणि दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिला का, हे विचारायची सवय लावा. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मुळात त्यांतल्या ९७ टक्के अभ्यासांचे निष्कर्ष ठळक होते, फेरतपासणीत ३६ टक्केच तसे निघाले. म्हणून सगळं शास्त्र खोटं असा अर्थ काढू नका. आपली चूक आपणच शोधून छापणं हेच शास्त्राचं काम आहे. फक्त मोबाइलवर आलेलं "संशोधन सांगतं की" डावीकडे उतरवायची घाई नको.

उजवी बाजू, जिथे खरा वेळ जातो

उजवीकडे पहिलं काम शब्द निवडून घ्यायचं, तांदळातले खडे निवडतात तसं. पतंजलीने चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत "विकल्प" म्हणून एक आहे. शब्द ऐकून होणारं, पण मागे वस्तू नसलेलं ज्ञान. आपल्या दुःखातले बरेच शब्द असे असतात. तांडेलाचा शब्द होता "मारलं".

मी त्याला विचारत गेले आणि तो लिहीत गेला. मारायचा हेतू होता? नाही. तू सांगितलं नसतंस तर तो त्या क्षणी तिथे उभा असता? नाही. म्हणजे कारणांच्या साखळीत तू आहेस. पण कारण असणं आणि दोषी असणं यांत अंतर आहे. त्या पोराला गावी न सोडणारी त्याची गरिबीही साखळीत आहे, आणि ती लाटही. मग दोष कशात असतो? जे कळू शकत होतं ते न बघण्यात, जे करता येत होतं ते न करण्यात.

"वारा मला कळायलाच हवा होता," तो म्हणाला.

इथे मला डावीकडे जावं लागलं. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक अभ्यास छापला. लोकांना १८१४ च्या सुमाराचं इंग्रज आणि नेपाळचे गुरखे यांच्यातल्या युद्धाचं वर्णन वाचायला दिलं. शेवट मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटू लागला. घडून गेलेलं नेहमी "दिसतच होतं" असं वाटतं. तांडेलाने त्या रात्रीसारखा वारा असूनही सुखरूप परतलेल्या रात्री आठवून लिहिल्या. पान भरलं. तो खूप वेळ त्या पानाकडे बघत बसला.

मी इथे थांबले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तुझा काही दोष नाही, असं सांगून मोकळं होता आलं असतं, आणि दिलासा देणारी बहुतेक माणसं तेच करतात. पण उजवी बाजू बरं वाटण्यासाठी नसते. मी विचारलं, लाइफ जॅकेट होती?

होती, केबिनमध्ये. कुणी घालत नाही, काम करताना अडतात. त्यानेही कधी घाला म्हणून सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याने स्वतः लिहिलं, "वाऱ्याचा दोष माझा नाही. जॅकेटचा आहे." सव्वा वर्ष तो एका अजस्र, आकार नसलेल्या अपराधाखाली दबला होता. आता त्याच्या हातात एक छोटा, खरा दोष होता. छोट्या खऱ्या दोषाचं काहीतरी करता येतं.

तरीही शिल्लक उरतंच. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये एका लॉरीचालकाचं उदाहरण दिलं. त्याची काही चूक नसताना मूल त्याच्या गाडीखाली येतं. बाजूला उभ्या असलेल्यांनाही वाईट वाटतं, पण चालकाला वाटतं ते वेगळं असतं. हे माझ्या हातून झालं, असं ते असतं. लोक त्याची समजूत काढतात आणि काढायलाच हवी. पण तो फार चटकन सावरला तर आपल्यालाच खटकतं. विल्यम्सचं म्हणणं असं की ही टोचणी रोग नव्हे, माणूस आपल्या हातून घडलेल्याशी बांधलेला असतो त्याची ती खूण आहे. हे मी तांडेलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा रडला. डॉक्टर भीती घालवतील, पण पोराची आठवणसुद्धा पुसून टाकतील, असं त्याला आतून वाटत होतं. म्हणून तो इतके दिवस कुठेच गेला नव्हता.

बेडं कुठे आहे

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. लेखक "असं आहे, तसं आहे" म्हणत असतात आणि वाचकाला कळायच्या आत "असं करावं"वर उडी मारतात. ही उडी पकडायची. वर्गात एका मुलाने मला सांगितलं होतं की सगळीच माणसं खोटं बोलतात असं मानसशास्त्रात आहे, मग जमिनीच्या वाटणीत काकांशी मी खोटं बोललो तर काय बिघडलं. डावीकडचं वाक्य गडग्यावरून उडी मारून उजवीकडे निर्णय देत होतं. तसं चालत नाही.

उलट दिशेलाही हाच नियम. तत्त्वज्ञाने खुर्चीत बसून मन कसं चालतं ते ठरवू नये. १६८८ मध्ये मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकला विचारलं होतं, जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन आणि गोल ओळखता येतात, त्याला एकदम दृष्टी आली तर नुसतं बघून ओळखता येतील का? तीनशे वर्षं मोठमोठ्यांनी वाद घातला. २०११ मध्ये, दिल्लीत 'प्रोजेक्ट प्रकाश'मधून शस्त्रक्रिया होऊन दिसू लागलेल्या पाच मुलांवर तपासणी करून उत्तर छापलं गेलं. लगेच ओळखता आलं नाही, पण थोड्याच दिवसांत येऊ लागलं. प्रश्न उजवीकडे जन्मला आणि डावीकडे सुटला. असं होतं, म्हणून वहीतलं काही कायमचं एका बाजूचं समजू नका.

ये-जा करायच्या वाटा मला तरी दोनच सापडल्या. एक, जे करणं माणसाला शक्यच नाही ते त्याचं कर्तव्य असू शकत नाही, आणि काय शक्य आहे ते डावी बाजू सांगते. भीती नऊ असताना "उद्याच समुद्रावर जा, घर चालवणं तुझं कर्तव्य आहे" असं म्हणण्यात अर्थ नव्हता. दोन, मोजण्याआधी काय मोजतोय ते ठरवावं लागतं, आणि ते उजवी बाजू ठरवते. अपराधीपणा, लाज आणि विल्यम्सची ती टोचणी एकाच मापात ओतली तर आकडा येईल, पण तो कशाचा ते कुणालाच सांगता येणार नाही.

सरावाला सोपा प्रश्न हवा असेल तर फुरशाचा घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर, कातळावरून बॅटरी घेऊन येताना वाटेत वळलेली सुंभाची दोरी दिसते आणि पाय जागच्या जागी थिजतो. डावीकडे लिहा, अंधार, आपल्याकडचा फुरशांचा सुळसुळाट, मनाने आधीच धरलेला अंदाज. उजवीकडे विचारा, मग मला दिसलं ते काय होतं? दोरी? ती तर मला दिसलीच नाही. साप? तो तिथे नव्हता. आपल्याकडच्या दर्शनांतले तीन पक्ष इथे भांडतात. न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणतात, दुसरीकडे पाहिलेला साप तुम्ही इथल्या वस्तूवर लादला. प्रभाकराच्या पंथाचे मीमांसक म्हणतात, चुकीचं ज्ञान झालंच नाही, समोरचं "हे" आणि आठवणीतला "साप" यांतला फरक ध्यानात आला नाही, एवढंच. अद्वैती म्हणतात, तो साप आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. डावी बाजू पूर्ण भरली तरी या तिघांचं भांडण मिटत नाही. हे एकदा करून पाहा, रेघ कशासाठी ते हाताला समजेल.

वही केव्हा मिटायची

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या शेजारणीचा नवरा गेला. ती जेवेना, झोपेना, चुलीपुढे नुसती बसून राहायची. मी रोज संध्याकाळी जाऊन तिच्याशी बोलायची. घटना नव्हे तर घटनेबद्दलचं आपलं मत आपल्याला त्रास देतं, हा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार मी तिला मराठीत समजावला. गीतेतला स्थितप्रज्ञ समजावला. ती मान हलवायची. पाच महिने असे गेले. मग तिची मुलगी मुंबईहून आली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. नैराश्य होतं, औषधं सुरू झाली, काही आठवड्यांनी ती भात-आमटी मागून जेवली. नंतर मला म्हणाली, "तू बोलायचीस ते खरंच असेल गं, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हतं." तिच्या डाव्या बाजूच्या दुखण्याला मी पाच महिने उजवीकडचं औषध देत होते. ते पाच महिने मला परत करता येणार नाहीत.

म्हणून सांगते. झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, कामाला हात लागत नसेल, तर वही मिटा आणि डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर यांच्या जोडीला प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या रत्नागिरीतही आहे, आणि तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. उजवीकडचे प्रश्न कुठे पळून जात नाहीत. ते नंतर, पोटात अन्न आणि डोळ्यात झोप असताना, नीट विचारता येतात.

तांडेल यंदा नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर गेला. त्याआधी एका नेपाळी खलाशाला दुभाष्या म्हणून शेजारी बसवून त्याने त्या पोराच्या आईला फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. नौकेवर आता जॅकेट घातल्याशिवाय जाळ्याला हात लावू देत नाही, त्यावरून खलाशांशी खटके उडतात असं ऐकते.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा वही घेऊन आला. त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाला बारावी सोडून नौकेवर यायचं आहे. न्यावं की नाही? मी पेन पुढे करायच्या आत त्याने खिशातून स्वतःचं काढलं, मधोमध रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, "पोराला पोहता येतं. रात्रीच्या लाटेत पाहिलेलं नाही." उजवी बाजू अजून रिकामी आहे.